८८व्या स्तोत्रावर थांबलात, त्याबद्दल

प्रिय काकू,

असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला रुचणार नाही, हे ठाऊक आहे. तरीही लिहिते आहे, कारण जे तुमच्या पदरात घालायला हवं ते मी अजून तोंडाने बोलू शकत नाही. बोलायला गेले की घसा दाटून येतो.

माझा मुलगा गेल्यावर घरी कितीतरी जण बायबल घेऊन आले. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायातलं २८वं वचन तर मला इतक्यांदा ऐकवलं गेलं, की ते सुरू झालं की मी भिंतीकडे बघायची. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून भल्याचंच होतं, म्हणे. कुणी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ सांगितलं, देवाच्या मनात आपल्या हिताचेच विचार आहेत म्हणून. एकाने तर, रडत राहणं हा अविश्वास आहे, असंही ऐकवलं. तेही माझ्याच घरात, माझ्या लेकाच्या फोटोसमोर. औषधाच्या गोळीसारखं वचन हातावर ठेवायचं आणि चपला घालून निघायचं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, असं मला सगळे समजावतात. नसेलही. पण २८व्या वचनाच्या जरा वर, २६व्या वचनात, ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की काय प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतःच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. ते का नाही वाचलं कुणी? यिर्मयाचं ते आश्वासनही बाबेलात बंदिवान होऊन पडलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात सुटकेसाठी ७० वर्षांची मुदत आहे. ती गाळून पुढचं तेवढं उचलायचं, हे मला आजही पटत नाही.

मग तुम्ही आलात. आधी त्याचं नाव घेतलंत. लोक तोवर 'तो', 'मुलगा', 'झालेलं' असंच बोलत होते. तुम्ही नाव घेतलंत आणि मग स्तोत्रसंहिता उघडून ८८वं स्तोत्र वाचलंत. मी जन्मभर उपासनेला जाते आहे, पण हे स्तोत्र कधी मोठ्याने वाचलेलं ऐकल्याचं मला आठवत नाही. रात्रंदिवस हाक मारणारा माणूस, मेलेल्यांत जमा झालेला. तू माझ्यापासून तोंड का लपवतोस, असं थेट देवाला विचारणारा. मी वाट बघत होते की आता 'परंतु' येईल. बाकीच्या विलापांत बहुधा येतो. इथे आला नाही. मित्र दूर गेले, सोबतीला काळोख उरला, आणि स्तोत्र संपलं.

पुढच्याच ओळीला ८९वं सुरू होतं, परमेश्वराच्या दयेचं गाणं मी सदा गाईन म्हणून. एक नजर खाली टाकली असती की झालं असतं. तुम्ही तिथे पंजा ठेवलात. वयाने सुरकुतलेला, नखांपाशी हळदीने पिवळा झालेला तुमचा हात त्या पानावर तसाच राहिला. अर्थ सांगितला नाहीत, समजूत घातली नाहीत. आपण दोघी किती वेळ बसलो कोण जाणे.

काकू, माझ्यासाठी सगळं त्या हातात होतं. देवाच्या पुस्तकात असं एक पान आहे की ज्याला उजेडात न्यायची घाई खुद्द देवानेही केलेली नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि तरी ते स्तोत्र सुरू होतं 'माझ्या उद्धाराच्या देवा' असं म्हणून. तक्रार आहे ती त्याच्याच दारात. रोमन कॅथलिक मंडळीत दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत हे स्तोत्र असतं, हे तुम्हीच पुढे कधीतरी सांगितलंत. म्हणजे दर आठवड्याला कुठेतरी कुणीतरी माझ्या वतीने हे म्हणत असतं. त्या विचारावर मी कित्येक रात्री काढल्या.

नंतर तुम्ही शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा २१वा अध्याय काढलात. रिस्पा, शौल राजाची उपपत्नी. नाव ऐकलेलं होतं, पण ही बाई मला कुणी कधी दाखवली नव्हती. शौलाने गिबोनकरांची कत्तल केली होती म्हणून देशात दुष्काळ पडला, तो हटावा म्हणून पुढचा राजा दावीद याने शौलाच्या घराण्यातल्या सातजणांना त्या गिबोनकरांच्या हवाली केलं, त्यांनी त्यांना टांगलं. त्यातले दोघे रिस्पाचे, पाच तिचे नव्हेत. तिने गोणताट घेतलं, खडकावर पसरलं आणि कापणीच्या सुरुवातीपासून आभाळातून पाऊस पडेपर्यंत तिथून हलली नाही. दिवसा पाखरं, रात्री रानटी श्वापदं. सातही जणांपाशी तिने कशालाच फिरकू दिलं नाही. तिच्या तोंडी एक शब्द नाही. तिला कुणी थांबवायला आलं की नाही, तेही लिहिलेलं नाही. पण दाविदाच्या कानावर गेलं, आणि त्याने याबेश-गिलादाहून शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी आणवल्या, या सातजणांच्याही गोळा करवल्या. शौल-योनाथानाला शौलाच्या बापाच्या, कीशाच्या कबरेत मूठमाती मिळाली. आणि बघा, देवाने देशासाठी केलेली विनवणी ऐकली असं तिथे लिहिलंय ते त्यानंतर. टांगल्यानंतर नव्हे. हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत तेव्हा मी पहिल्यांदा मोकळेपणी रडले. न बोलता, न उठता मेलेल्यापाशी बसून राहणाऱ्या आईलाही पवित्र शास्त्रात जागा आहे. तिला कुणी अविश्वासी म्हटलेलं नाही.

तुमच्याबद्दल विचार करते तेव्हा मला एबद-मलेख आठवतो. यिर्मयाला चिखलाच्या हौदात उतरवलं होतं, राजवाड्यातल्या या कूशी, म्हणजे कूश देशातून आलेल्या, सेवकाने राजाकडे जाऊन त्याच्यासाठी शब्द टाकला. दोर तर कुणीही सोडला असता. या माणसाने आधी भांडारखान्याखालच्या खोलीतून जुनी फडकी, विटके कपडे शोधून आणले आणि यिर्मयाला सांगितलं, हे काखेत धर, मग त्यावर दोर घे. उपाशी, अशक्त म्हाताऱ्याला दोर काचेल, हे त्याला सुचलं. वर काढायचंय हे सगळ्यांना कळतं. काचेल हे ज्याला कळतं तो माणूस निराळा. आणि शहर पडायच्या वेळी देवाने या परक्या सेवकासाठी नाव घेऊन निरोप पाठवला, तू वाचशील म्हणून. चिंध्या शोधणाऱ्याची नोंद देव ठेवतो, असं मी आता मनापासून मानते. मोठमोठे उपदेश करणाऱ्यांपेक्षा अशा माणसांवरच मंडळी उभी असते. ती व्यासपीठावर दिसत नाहीत, आभाराच्या यादीत येत नाहीत, म्हणून तर हे पत्र.

सध्या मी एकटीने बायबलमधलं गणना हे पुस्तक वाचते आहे. ७व्या अध्यायात येऊन थांबलेय. इस्राएलाच्या बारा वंशांचे बारा सरदार, बारा दिवस, प्रत्येकाचं अर्पण हुबेहूब तेच, आणि तरी प्रत्येकाचं नाव घेऊन पुन्हा सगळं पहिल्यापासून लिहिलंय. पूर्वी असली पानं मी उलटून पुढे जायची. आता प्रत्येक नावापाशी थांबावंसं वाटतं. तुम्ही कधी येताय? आपण दोघी मिळून तो अध्याय मोठ्याने वाचू, एकही नाव न गाळता.

तुमची,
त्याची आई