नवव्या आठवड्याचं काय झालं, मंत्रीमहोदय?

माननीय शिक्षणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून चार ओळींतच लिहावं असं ठरवून बसले होते. जमेलसं दिसत नाही.

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला सासूबाईंना कुशीवर वळवून, त्यांची चादर बदलून मी मोबाइल हातात घेतला. आपल्या खात्याच्या मोफत शिक्षणाच्या पोर्टलवर साथीच्या रोगांच्या इतिहासाचा 12 आठवड्यांचा कोर्स मी करत होते. नववा आठवडा उघडायला गेले, तर पडद्यावर एकच ओळ: 'हा अभ्यासक्रम आता उपलब्ध नाही.' व्हिडिओ गेले, मी लिहिलेली उत्तरं गेली, चाचण्यांचे गुण गेले. आधी सूचना नाही, नंतर खुलासा नाही. पोर्टलच्या उद्घाटनाला हे दार कुणासाठीही, कधीही बंद होणार नाही असं आपणच सांगितलं होतं. मी ते खरं मानलं, ही माझी चूक.

मदत क्रमांकावर तीन दिवस फोन केला. तिसऱ्या दिवशी एका मुलानं उचलला. बिचारा सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, कोर्स फुकटच होता ना? मग तुमचं नुकसान काय झालं?"

नुकसान सांगते. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडलं, त्याला 27 वर्षं झाली. का सोडलं ते आपल्याला सांगून उपयोग नाही, आपल्याकडे त्यासाठी रकाना नसेल. सासूबाई चार वर्षं अंथरुणावर आहेत. दिवसभरात माझा म्हणावा असा वेळ मिळतो तो त्या झोपल्यावर, दीड तास. आठवड्यातल्या सहा रात्री, असे आठ आठवडे. गुणाकार करून पाहा, 72 तास होतात. ते मी माझ्या झोपेतून काढले होते. मोफत कुणाला होतं, साहेब?

आणि शिकत होते काय? लंडनमध्ये 1854 साली ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात कॉलऱ्यानं 600 वर माणसं मेली. रोग घाणेरड्या हवेतून पसरतो असं तेव्हा शहाणीसुरती माणसंही मानत. जॉन स्नो हा डॉक्टर दारोदार फिरला, कोण कुठलं पाणी पितं ते विचारलं, आणि सगळी बोटं एकाच पंपाकडे वळली. हेन्री व्हाइटहेड नावाचा धर्मगुरू त्याला खोटं पाडायला निघाला आणि चौकशी करता करता त्याच्याच बाजूचा झाला. मला तर स्नोपेक्षा हाच माणूस जास्त आवडला. यात इतिहास कुठे संपला, समाजशास्त्र कुठे सुरू झालं आणि विज्ञान कुठलं, हे मला अजून वेगळं काढता येत नाही. कॉलेजात हे विषय वेगवेगळ्या इमारतींत बसायचे.

नवव्या आठवड्याचा विषय होता 'पुरावा समोर असूनही अधिकाऱ्यांनी का ऐकलं नाही?' नेमका तोच धडा गेला. योगायोग म्हणायचा, दुसरं काय!

पुढचं मी ग्रंथालयातून पुस्तक आणून वाचलं. पंपाचा दांडा काढला गेला, पण आरोग्य मंडळाच्या समितीनं स्नोचं म्हणणं फेटाळलं. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी थेट संसदेच्या खिडक्यांतून आत शिरली, तेव्हा मात्र गटारांचा कायदा काही दिवसांत झाला. त्याच उन्हाळ्यात स्नो गेला. थोडक्यात, वास वरपर्यंत पोचावा लागतो. या पत्राला तो येत असेल अशी आशा आहे.

आपल्या खात्याचं म्हणणं नंतर कळलं. असे कोर्स पूर्ण करणारे फार थोडे असतात, म्हणून आता रोजगाराभिमुख विषयांना प्राधान्य! थोडे असतात हे मलाही माहीत आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि एमआयटी विद्यापीठांच्या मोफत कोर्सेसमध्येही 2017-18 साली नाव घालणाऱ्या शंभरांतले जेमतेम तीनच शेवटापर्यंत गेले. पण 2011 साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्सला दीड लाखावर लोकांनी नाव घातलं आणि 20 हजारांहून जास्त लोकांनी तो पुरा केला. आकडे थोडे मागेपुढे असतील, माझ्याकडे मोजायला कारकून नाहीत. एवढी माणसं बसतील असा वर्ग आपल्या ताब्यात आहे का? आणि ग्रंथालयातलं पुस्तक अर्धं वाचून परत केलं म्हणून कुणी ते कपाट जाळत नाही.

एमआयटीनं आपली व्याख्यानं आणि टिपणं सगळ्यांना खुली करायचं 2001 साली जाहीर केलं, ती आजही उघडता येतात. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानं 1971 पासून टीव्ही-रेडिओवरून शिकवलं, प्रवेशाला आधीची कुठली परीक्षा पास असल्याची अट घातली नाही. त्यांना जमतं. आपल्याकडे मंत्री बदलला की पोर्टल बदलतं, रंग बदलतो, फोटो बदलतो आणि आत शिकत बसलेली माणसं झाडून बाहेर टाकली जातात. पोर्टलच कशाला? योजना, समित्या, धोरणं, सगळ्यांचं हेच. नोंदणीचा आकडा भाषणात वापरून झाला की त्या आकड्यातल्या माणसाचं काम संपलं. आणि 'रोजगाराभिमुख' म्हणजे काय हो? मला या वयात कोण नोकरी देणार आहे? मला कॉलऱ्याबद्दल जाणून घ्यायचं होतं. एवढ्यावर माणसाला शिकवता येत नाही, असा काही नियम आहे का?

माझ्या मागण्या लहान आहेत. कोर्स काढायचाच असेल तर तीन महिने आधी कळवा, आमचं लिहिलेलं आम्हाला उतरवून घेऊ द्या, आणि जुने व्हिडिओ कुठेतरी ठेवा. चाचण्या नकोत, प्रमाणपत्र तर नकोच.

नववा आठवडा तेवढा पाठवा. रात्री साडेअकरानंतर मी जागीच असते.

आपली,
एक विद्यार्थिनी
(नोंदणी क्रमांक लिहिला असता, पण तोही पुसला गेला आहे.)