सालुतातीची पत्रं वाचताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधाला चौदाव्या शतकातला इटालियन विद्वान कोलुच्चो सालुताती घेतलास, उत्तम. पण आधी त्याच्या पत्रांचे दोन गठ्ठे कर, सरकारी आणि खाजगी. ते मिसळले की माणूस उगाच दुतोंडी दिसतो.

१३७५ पासून १४०६ मध्ये मरेपर्यंत तो फ्लॉरेन्सचा चान्सलर, म्हणजे शहराची सरकारी पत्रं लिहिणारा मुख्य चिटणीस, होता. सत्ता सिन्योरिया या शहराच्या शासक मंडळातल्या नऊ जणांकडे, आणि ते नऊ दर दोन महिन्यांनी बदलायचे. निर्णय त्यांचा, मसुदा याचा. धनी बदलत राहिले, लेखणी तीच राहिली. शहराचा सूर एकतीस वर्षं टिकला तो यामुळे. साचा जुनाच, पाच भागांचा: मायना, वाचणाऱ्याला अनुकूल करणं, हकीकत, मागणी, समारोप. मायन्यात पदवी चुकली तर पुढचं सगळं वाया (आपल्या जुन्या दप्तरांतही हेच). तू हकीकतीवर लक्ष ठेव. पोपशी १३७५–७८ चं युद्ध चालू असताना तो पोपच्याच अमलाखालच्या शहरांना रोमन स्वातंत्र्याची आठवण देऊन चिथावतो, ते तिथंच. त्याचं एक पत्र हजार घोडेस्वारांहून घातक, असं फ्लॉरेन्सचा शत्रू, मिलानचा सत्ताधीश जान गालेआत्सो व्हिस्कोन्ती म्हणे, अशी आख्यायिका आहे.

आता १४०० चा जुलमी राजावरचा ग्रंथ उघड. सीझर जुलमी नव्हता, ब्रूटसनं त्याला मारलं ते चूक, असं हाच माणूस लिहितो. एकीकडे, सरकारी पत्रांत, वकिलासारखी अशिलाची म्हणजे फ्लॉरेन्सची बाजू; दुसरीकडे, या ग्रंथात, कवी दान्तेनं आपल्या काव्यात ब्रूटसला नरकाच्या तळाशी का टाकलं याचा जबाब. मला तरी हा ढोंगीपणा वाटत नाही.

खाजगी गठ्ठ्यात रस जास्त. १३९२ मध्ये त्यानं मिलानच्या चान्सलरकडे रोमन वक्ता सिसेरोची त्याच्या मित्राला, अ‍ॅटिकसला, लिहिलेली पत्रं मागितली. हाती आली ती सिसेरोची दुसरीच, व्हेर्चेल्ली गावातल्या जुन्या प्रतीवरून उतरवलेली. नक्कलकार न कळलेला शब्द गाळतो, समासातली टीप मजकुरात घुसते, कुणी अर्थ लागावा म्हणून वाक्यच बदलतो: प्रती अशा बिघडतात हे त्यानं नीट ओळखलं होतं. उपाय म्हणून सार्वजनिक ग्रंथालयं काढून जाणकारांकडून प्रती ताडून घ्याव्यात, असं त्यानं सुचवलं.

खाजगी पत्रांसाठी फ्रान्चेस्को नोव्हातीची चार खंडांची आवृत्ती वापर. सरकारी त्यात शोधू नकोस, ती फ्लॉरेन्सच्या अभिलेखागारातल्या नोंदवह्यांत आहेत. आणि तारखा जप. फ्लॉरेन्सचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे फेब्रुवारी १३९० असं लिहिलेलं पत्र आपल्या हिशेबानं १३९१ चं. दोन्ही सालं शेजारीशेजारी टिपून ठेव.

तुझे,
बाबा