उंदराच्या ईसीजीवर किती विसंबायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘उंदरांवर चाचणी झाली, हृदयाला धोका नाही’ असा निष्कर्ष सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या फार्मसी प्रबंधात निघाला की त्याची बातमी होते. औषधाने हृदयाची लय जीवघेणी बिघडेल का, हे मात्र त्यातून कळत नाही.

माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ७० ठोके देते, छोट्या पांढऱ्या उंदराचे ५०० ते ६००. एवढ्या वेगात दोन ठोक्यांमध्ये पेशी सावरायची तर पोटॅशियम बाहेर पडण्याच्या वाटाही वेगळ्या लागतात. माणसात जिच्यावर बरीच भिस्त, त्या हर्ग वाहिनीचा (पेशीच्या आवरणातल्या अशाच एका पोटॅशियम-वाटेचा) उंदरात वाटा नगण्य. सिसाप्राइड हे छातीतल्या जळजळीवरचे औषध नेमकी हीच वाहिनी अडवते. क्यूटी, म्हणजे ईसीजीत ठोक्याची विद्युत-लहर उठून शमेपर्यंतची वेळ, लांबते आणि रुग्ण दगावू शकतो. २०११ मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली. उंदराच्या ईसीजीत असे औषध निर्दोष दिसेल. तिथे ही वाहिनी ज्यांच्यात काम करते, तो गिनी पिग किंवा ससाच हवा.

उंदीर निरुपयोगी आहे, असे नव्हे. धावताना किंवा घाबरल्यावर मुलांची शुद्ध हरपते, अशा एका आनुवंशिक विकारावर फ्लेकेनाइड हे हृदयाची लय सावरणारे औषध चालते, हे २००९ मध्ये जनुक बदललेल्या उंदरांमुळेच पुढे आले. तिथे प्रश्न पेशीतल्या कॅल्शियमच्या गळतीचा होता, आणि तो उंदरात तपासता येतो.

मोजणीतल्या चुकाही नेहमीच्याच. केटामाइन-झायलाझिनच्या भुलीने ठोके फार मंदावतात. त्यापेक्षा हुंगवून भूल देणारे आयसोफ्लुरेन, दीड-दोन टक्के, बरे. भुलीत उंदीर भराभर गार पडतो, अंग गार झाले की क्यूटी आपोआप लांबते आणि खापर औषधावर फुटते. म्हणून गुदद्वारात तापमापी आणि अंगाखाली गरम पाट ठेवून ३७ अंश राखावेत. दवाखान्यातल्या यंत्राचा ४० हर्ट्झचा फिल्टर उंदराच्या जेमतेम १० मिलिसेकंदांच्या क्यूआरएसची (ईसीजीतल्या ठोक्याच्या मुख्य उंच लहरीची) टोके बोथट करतो. सेकंदाला किमान २,००० नोंदी घ्याव्यात. ठोक्यांच्या वेगानुसार क्यूटी दुरुस्त करणारे बाझेटचे सूत्र माणसाचे. ते उंदराला जसेच्या तसे लावू नये.

सशाचे हृदय लँगेनडॉर्फ पद्धतीने, म्हणजे शरीराबाहेर काढून, ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या ३७ अंशांच्या क्रेब्ज द्रावणावर (रक्ताऐवजी वापरायच्या क्षार-साखरेच्या पाण्यावर) चालू ठेवले, तर वीस-तीस मिनिटांत स्थिरावते. मग एकाच हृदयावर चढत्या मात्रा तपासता येतात आणि प्राणी कमी लागतात. महाविद्यालयाच्या प्राणी नैतिकता समितीने प्राण्यांच्या संख्येआधी ‘हाच प्राणी का?’ हे विचारावे. आपणही बातमीत प्राणी कोणता आणि मोजले काय, एवढे जरूर छापावे.

आपले,
औषधशास्त्राचे अध्यापक, मिरज (जि. सांगली)