छातीवर बसते ते काय?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या पुतण्याची मुलगी कोल्हापुरातील एका वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे तिला जाग आली, परंतु हातपाय हलेनात, तोंडातून आवाज फुटेना, छातीवर कोणी बसल्यासारखे ओझे जाणवू लागले आणि खोलीच्या दारापाशी एक काळी आकृती उभी असलेली तिला स्पष्ट दिसली. पंधरा दिवसांत असे तीनदा झाले. तिने आधी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी नाडी व रक्तदाब तपासून, ‘काही झालेले नाही, अभ्यासाच्या ताणाने मनाचे खेळ होतात,’ असे सांगून दोन मिनिटांत तिला परत पाठवले. त्यानंतर घरच्यांनी तिला गावी नेले आणि तेथून एका देवऋषीकडे. त्याने मुंजाची बाधा असल्याचे सांगितले, अंगारा दिला, पाच अमावस्यांना उतारा टाकायला सांगितला आणि तोवर मुलीने त्या खोलीत पाऊल ठेवू नये असे बजावले. तिची परीक्षा तेव्हा तीन महिन्यांवर आली होती.

मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती मला एवढेच म्हणाली, “आजोबा, डॉक्टर म्हणतात काही नाही, देवऋषी म्हणतो काहीतरी आहे. मला तर दिसलं होतं.” या एका वाक्यामुळे मी हे पत्र लिहायला बसलो आहे. अंधश्रद्धेविरुद्ध आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. परंतु ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे त्याला ‘तुला भास झाला’ एवढेच सांगून आपण मोकळे होतो आणि भास म्हणजे काय, तो असाच का होतो, हे सांगायचे राहून जाते. ती रिकामी राहिलेली जागा देवऋषी भरून काढतो.

हा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. १९८८ साली मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत तिसऱ्या पाळीला होतो. रात्री अकरा ते सकाळी सात भट्टीवर काम करायचे आणि घरी येऊन नऊच्या सुमारास पाठ टेकायची, असा क्रम होता. एप्रिलच्या एका दुपारी मला जाग आली. डोक्यावर पंखा फिरत होता. स्वयंपाकघरात आई तांदूळ पाखडत होती आणि सुपाचा तो सप् सप् आवाज मला अगदी नीट ऐकू येत होता. उठावे म्हटले तर बोटसुद्धा हलेना. तेवढ्यात घोंगडे पांघरलेला एक माणूस उंबऱ्यात उभा दिसला. त्याला चेहरा नव्हता. तो आत आला, खाटेवर चढला आणि माझ्या छातीवर बसला. आईला हाक मारायचा मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण घशातून हुंकारही निघाला नाही. स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज झाला आणि त्या क्षणी सगळे सुटले. बनियन घामाने पिळून काढण्यासारखे झाले होते. हे सारे एखादे मिनिट चालले असेल. परंतु आज साठी उलटून गेली तरी त्या घोंगड्याच्या दशा मला आठवतात.

आईने त्या दिवसापासून माझ्या उशाखाली अडकित्ता ठेवला आणि खाटेची दिशा बदलली. तिला मी आजही दोष देत नाही, कारण तिच्यापाशी जे होते ते तिने दिले. पाळीवर ही गोष्ट निघाली तेव्हा मात्र मला आश्चर्य वाटले. ‘तुलाही दाबलं काय?’ असे एकाने विचारले, दुसऱ्याने आपली हकिगत सांगितली, मग तिसऱ्याने. रात्रपाळीच्या त्या मोजक्या माणसांत एवढ्या जणांना एकच अनुभव यावा, आणि दिवसपाळीच्या माणसांना तो क्वचितच यावा, हे तेव्हाच मनात अडकले होते. त्याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी, वाचनातून मिळाले.

उत्तर असे आहे. आपली झोप एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत ती गाढ व उथळ होत राहते आणि प्रत्येक फेरीच्या अखेरीस असा टप्पा येतो की ज्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात आणि ठसठशीत स्वप्ने पडतात. शिकागो विद्यापीठात १९५३ साली यूजीन ॲसरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी हा टप्पा प्रथम नोंदवला. त्याला ‘रेम’ झोप म्हणतात. या टप्प्यात मेंदू जवळजवळ जागेपणाइतका कामात असतो, आणि म्हणूनच शरीराला त्याने कुलूप घातलेले असते. मेंदूच्या तळाकडील, मज्जारज्जूला जोडणाऱ्या भागातून असा संदेश जातो की स्नायूंना चालवणाऱ्या पेशी गप्प होतात. डोळे आणि श्वासपटल तेवढे चालू राहते. फ्रान्समधील लिआँ येथे मिशेल झूवे यांनी मांजरांच्या मेंदूतील नेमका तो लहानसा भाग निकामी केला, तेव्हा ती मांजरे झोपेतच उठून, समोर नसलेल्या सावजावर झेप घेऊ लागली. म्हणजे हे कुलूप आपल्या रक्षणासाठीच आहे. ते नसते तर स्वप्नात विहिरीत उडी मारणारा माणूस माडीवरून खाली गेला असता.

कधी कधी मात्र जाग आधी येते आणि कुलूप मागाहून निघते. मधले ते काही सेकंद, फार तर काही मिनिटे, म्हणजे स्लीप पॅरालिसिस. मराठीत त्याला निद्रा-पक्षाघात म्हणतात, पण हे नाव मला तितकेसे आवडत नाही, कारण ते ऐकून माणूस लकव्याची धास्ती घेतो आणि लकव्याशी त्याचा काहीही संबंध नाही. छातीवरचे ओझेही यातूनच येते. रेम झोपेत बरगड्यांमधले स्नायू सैल पडलेले असतात आणि श्वास एकट्या श्वासपटलावर, उथळपणे चालू असतो. घाबरलेला माणूस मुद्दाम खोल श्वास घ्यायला जातो, छाती फुलत नाही आणि कोणीतरी वरून दाबून धरले आहे असे त्याला वाटते. श्वास प्रत्यक्षात थांबलेला नसतो.

आता राहिली ती आकृती, आणि लोकांना पटवून देणे सर्वांत अवघड जाते ते हेच. जाग आली तरी स्वप्न पुरते ओसरलेले नसते, त्यामुळे खऱ्या खोलीत, खऱ्या दारात, स्वप्नातले माणूस येऊन उभे राहते. शिवाय रेम झोपेत मेंदूतील भीतीचे केंद्र जोरात चालू असते. शरीर हलत नाही म्हणताच ते धोक्याची घंटा वाजवते आणि मेंदू त्या धोक्याला रूप शोधू लागतो. जिनिव्हा येथे एका तरुणीवर अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी चालू असताना, डाव्या कानशिलाच्या वरच्या-मागच्या बाजूस मेंदूला सौम्य वीजप्रवाह दिला, तेव्हा तिला आपल्या मागे एक सावलीसारखा माणूस असल्याचे जाणवले. ती गुडघ्यांना मिठी मारून बसली तेव्हा तोही बसला आणि त्याने तिला कवळले, असे तिने सांगितले. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. आपले शरीर कोठे आहे याचा हिशेब ठेवणारा मेंदूचा भाग गडबडला की आपलेच शरीर दुसऱ्या कोणाचे म्हणून जाणवू शकते, असे यातून दिसते. म्हणून त्या मुलीला मी सांगितले की तू खोटे बोलली नाहीस आणि तुझे डोकेही फिरलेले नाही. तुला दिसले ते दिसलेच, फक्त ते दाराकडून आले नव्हते.

‘इतक्या लोकांना एकच भूत दिसते, मग ते खोटे कसे?’ असा प्रश्न मला गावी विचारला गेला, आणि तो विचारणारा माणूस मूर्ख नव्हता. अनुभव सर्वत्र सारखा असतो, कारण माणसाची झोप सर्वत्र सारखी असते. भूत मात्र ज्याच्या त्याच्या गावचे असते. जपानमध्ये याला कनाशिबारी, म्हणजे धातूने जखडणे, म्हणतात. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर एक म्हातारी येऊन छातीवर बसते. तुर्कस्तानात काळा दाबणारा येतो. हेन्री फ्यूझेली या चित्रकाराने १७८१ साली झोपलेल्या स्त्रीच्या छातीवर बसलेला पिशाच्चासारखा जीव रंगवला आहे. त्याहूनही जुनी नोंद १६६४ सालची, इस्ब्रांट फान डीमरब्रूक या डच वैद्याची आहे. पन्नाशीच्या एका बाईला रात्री कधी सैतान, कधी मोठा कुत्रा, तर कधी चोर छातीवर पडून गळा दाबतो असे वाटे, आणि त्या काळातही त्या वैद्याने तिला बाधा न मानता आजार मानून तपासले. पिंपळावरचा मुंजा न्यूफाउंडलंडला गेलेला नाही आणि तिथली म्हातारी पंचगंगेकाठी आलेली नाही. मला दिसलेल्या माणसाच्या अंगावर घोंगडे होते, कारण मी धनगरांच्या शेजारी वाढलो.

देवऋषीचा उपाय लागू पडल्याचे पुष्कळ जण सांगतात आणि तेही खोटे सांगत नाहीत. हा त्रास बहुतेकांना आयुष्यात एकदा किंवा मोजक्या वेळा होतो आणि आपोआप थांबतो. मध्ये जो अंगारा लावला असेल त्याला श्रेय जाते. मुलीला वसतिगृहातून घरी आणले, आईच्या शेजारी निजवले, रात्री दोनपर्यंतचे जागरण बंद झाले, की खरा उपाय तोच झालेला असतो. परंतु या मार्गावर पाऊल किती पुढे पडेल याला धरबंध नसतो. आज अंगारा, उद्या उतारा, मग शेजारणीने करणी केल्याचा संशय आणि दोन घरांचे वैर. भूत काढण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे हे प्रकार डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहेत. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा अजामीनपात्र आहे. आमच्या मुलीवर असा प्रसंग आला नाही. तिची हिरावली गेली असती ती परीक्षा, आणि माझ्या मते तेही नुकसान लहान नव्हे.

हा त्रास किती जणांना होतो याचा पस्तीस अभ्यासांवरून घेतलेला एकत्रित आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्के आणि विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्के व्यक्तींना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला आढळला. अपुरी व अवेळी झोप, पाळीतील बदल, मानसिक ताण आणि उताणे झोपण्याची सवय ही त्याची ओळखीची कारणे आहेत. ही कारणे वाचताना मला आपला जिल्हाच डोळ्यांसमोर दिसतो: फाउंड्रीतील आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवरील रात्रपाळीचे कामगार, गळीत हंगामात साखर कारखान्यांत पाळ्या बदलणारी माणसे, वीज रात्रीची म्हणून मध्यरात्री उसाला पाणी पाजायला जाणारे शेतकरी आणि अभ्यासिकांमध्ये पहाटेपर्यंत बसणारी मुलेमुली.

उपाय साधे आहेत. झोपण्या-उठण्याची वेळ शक्य तितकी ठरावीक ठेवावी, झोप पुरी घ्यावी, संध्याकाळनंतर चहा टाळावा, कुशीवर झोपावे. झटका आलाच तर सर्व शरीराने झगडू नये. पायाचे एखादे बोट हलवण्यावर लक्ष द्यावे, श्वास जसा चालला आहे तसा चालू द्यावा आणि हे आपोआप सुटणार आहे, हे मनात म्हणावे. शेजारी कोणी असेल आणि त्याला ते लक्षात आले, तर त्याने अंगाला हात लावून नावाने हाक मारावी. मात्र झटके वारंवार येत असतील, दिवसा बसल्या जागी आवरता न येणारी झोप येत असेल, किंवा खळखळून हसताना गुडघ्यांतील बळ जात असेल, तर तो नार्कोलेप्सी हा वेगळा आजार असू शकतो आणि त्यासाठी मेंदूविकार किंवा निद्राविकार तज्ज्ञांकडेच गेले पाहिजे. देवऋषीच्या दारात वर्षे घालवल्याने असा रुग्ण औषधावाचून राहतो, याचे मला अधिक वाईट वाटते.

डॉक्टर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे की अशा रुग्णाला ‘काही नाही’ म्हणून उठवू नका. ‘तुम्हाला दिसलं ते मला ठाऊक आहे, आणखी पुष्कळांना दिसतं, त्याचं कारण हे आहे,’ एवढे बोलायला पाच मिनिटे पुरतात. वसतिगृहांच्या रेक्टरांनी प्रवेशाच्या वेळी आणि कारखान्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी नव्या कामगारांना रात्रपाळी देताना ही माहिती द्यावी. त्यासाठी एक छापील कागद पुरेसा आहे. आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर एखाद्या तज्ज्ञाकडून या विषयावर लिहून घ्यावे, अशी आपल्यालाही विनंती आहे. परीक्षांच्या आधीच्या महिन्यात ते छापून आले तर ज्यांना गरज आहे त्यांच्या हाती वेळेवर पडेल.

आमची मुलगी आठ दिवसांनी वसतिगृहात परत गेली. खोली तीच आहे. परीक्षेच्या आधी आणखी एकदा तसे झाले, तेव्हा तिने पायाचा अंगठा हलवला आणि सुटका झाल्यावर दिवा लावून वेळ पाहिली; पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. सकाळी तिने मला फोन करून ती वेळ सांगितली आणि विचारले की रेमची झोप पहाटेच जास्त असते ना. होय, रात्र सरत जाते तसा तो टप्पा लांबत जातो, असे मी तिला सांगितले.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त फाउंड्री कामगार
शिवाजी पेठ, कोल्हापूर