'म्हातारचळ' हा शब्द मथळ्यातून काढा

प्रति,
संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या मुंबई पानावर तळाच्या कोपऱ्यात एक चौकट होती. उपनगरातल्या एका मॉलमध्ये ६२ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ खिशात चॉकलेटं कोंबून बाहेर पडताना सापडले. पेन्शन चालू, घरचं बरं, पाकिटात पैसे. रखवालदाराने हटकलं तर नुसते हसले. आपण मथळा दिलात, 'आजोबांना म्हातारचळ, चॉकलेटवर डल्ला'. सकाळी सातच्या आत ती चौकट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडली आणि खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. त्या गृहस्थांना मी ओळखत नाही, त्यांना काय झालंय हे मला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण अशी चौकट आमच्या घरावरही कधीही येऊ शकली असती, म्हणून हे पत्र.

माझे यजमान ३४ वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी कॅशवर. दिवसाच्या हिशेबात दहा रुपयांचा फरक लागला तर तो सापडेपर्यंत न उठणारा माणूस. लोकलचा पास आदल्या दिवशी संपला असेल, तर गाडी सोडून तिकिटाच्या रांगेत उभे राहायचे. वयाच्या ५८व्या वर्षी हे कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, बरणीतून क्रीमरोल काढला, तिथेच उभ्याने खाल्ला आणि पैसे न देता चालू लागले. दुकानदाराला वाटलं विसरले. मलाही तेच वाटलं. मग ते रोजचंच झालं. गोडाचं तर विचारू नका. श्रीखंडाची दुसरी वाटी ज्यांनी कधी मागितली नाही, ते फ्रीजचं दार उघडं ठेवून उभ्या उभ्या अर्ध्या किलोचा डबा संपवायला लागले. नात्यातल्या एका मयताला गेलो होतो, तर समोर बसलेल्या गृहस्थांच्या टकलावर यांनी टिचकी मारली आणि खळखळून हसले. माझी सख्खी बहीण हात मोडून, गळ्यात झोळी अडकवून आली, तर म्हणाले, "मग आज चहा कोण करणार?" बहीण पुढे आठ महिने आमच्याकडे फिरकली नाही.

आणि स्मरणशक्ती म्हणाल तर ठणठणीत. पॉलिसीच्या हप्त्याची तारीख, आठ बावीसची लोकल कुठल्या फलाटावर लागते, व्याह्यांचा फोन नंबर, सगळं तोंडपाठ. त्यामुळे हा आजार आहे असं कुणी मानेना. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, निवृत्ती जवळ आली की पुरुषांचं असं होतं. जाऊबाई म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे, नारळ उतरवून टाका. (नारळही उतरवला. त्याचं खोबरं यांनीच खाल्लं.) मुलगा म्हणाला, बाबा मुद्दाम करतात. मला मनातून मुलाचंच पटत होतं. दोन वर्षं मी यांच्याशी भांडले, अबोला धरला, एकदा हातावर चापटीही मारली. ती चापटी अजून माझ्या हाताला लागलेली आहे.

मध्ये एके ठिकाणी विस्मरणावरच्या गोळ्या दिल्या. त्याने यांची होती ती स्वस्थताही गेली, रात्रभर घरात येरझारा. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय काढायला लावला आणि फिल्म उजेडात धरून मला दाखवली. मागच्या बाजूला मेंदू कवटीला लागून भरलेला, आणि पुढे, कपाळामागे, घड्यांमधल्या काळ्या फटी रुंदावलेल्या. उन्हाळ्यात तळ्याच्या कडेचा चिखल तडकतो तशा. डॉक्टर म्हणाले, "काकू, आठवणींचं कपाट वेगळं असतं आणि लाजेचं वेगळं. यांचं दुसरं रिकामं होतंय."

या आजाराला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात. प्रागच्या अर्नोल्ड पिक या डॉक्टरांनी १८९२ मध्ये अशा रुग्णाचं वर्णन करून ठेवलं आहे, तेव्हा हे काही नव्या जमान्याचं खूळ नव्हे. बहुतेकांना तो ४५ ते ६५ या वयात गाठतो, म्हणजे 'म्हातारचळ' शब्दातलं म्हातारपणही पुष्कळदा आलेलं नसतं. मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग झिजत जातो. पेढा दिसला की घ्यावासा वाटणं हे तुमच्या-माझ्या डोक्यातही होतंच. आधी पैसे द्यावेत, चारचौघांत उभ्याने खाऊ नये, समोरच्याला काय वाटेल, हा सगळा लगाम डोळ्यांच्या वरच्या अंगाला असलेल्या भागाच्या हातात असतो. तो सुटला की माणूस वाईट होत नाही, मोकाट होतो. आणि समोरच्याचं दुखणं आपल्याला लागतं ते ज्या भागांमुळे, तेही याच वाटेवर आहेत. बहिणीचा मोडलेला हात यांना दिसला होता, पोचला नव्हता. रसायनांचंही तसंच. विस्मरणाच्या त्या गोळ्या ॲसिटिलकोलिन नावाचं द्रव्य वाढवतात. अल्झायमरमध्ये त्याचा काही उपयोग होतो. या आजारात खोट असते ती सेरोटोनिन नावाच्या दुसऱ्या द्रव्याच्या कारभारात, म्हणून त्या गोळ्यांनी फायदा तर होत नाहीच, कधी कधी चिडचिड वाढते. ते औषध बदलून नैराश्यावरचं दिल्यावर निदान रात्री झोप लागू लागली. आजार मात्र थांबत नाही, त्याला आज औषध नाही.

एक प्रसंग सांगते. निदान झाल्यावर मी यांना समोर बसवून विचारलं, "न विचारता दुसऱ्याची वस्तू घेणं बरोबर आहे का?" म्हणाले, "छे, ती चोरी झाली." "मग दुकानातून असं घ्यायचं का?" "अजिबात नाही." एवढं बोलेपर्यंत यांचा हात टीपॉयवरच्या डब्यात गेला होता. तो डबा शेजारच्या वहिनींचा होता, लेकीच्या डोहाळजेवणासाठी त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिलेला. नियम पाठ, अर्थही कळतो, पण तो हातापर्यंत पोचत नाही. वेडाच्या भरात केलेल्या कृत्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये सूट आहे, पण ती कुणाला, तर आपण काय करतो किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळू शकत नाही त्याला. कोर्टात उभे राहिले असते तर आमच्या यांनी न्यायाधीशांना स्वच्छ सांगितलं असतं की चोरी वाईट. मी वकील नाही, पण त्या कलमात हे कसे बसले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

डॉक्टर लोक या विषयात फिनियस गेजचा दाखला देतात. आपल्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटायला अजून साडेचार वर्षं होती, तेव्हाची गोष्ट. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लोहमार्गासाठी खडक फोडताना या २५ वर्षांच्या मुकादमाच्या हातातली सुरुंग ठासायची पहार उडाली. साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची ती पहार डाव्या गालाखालून शिरून माथ्यातून बाहेर पडली. माणूस जगला, चालू-बोलू लागला, पण शिवराळ आणि लहरी झाला, आणि सोबती म्हणू लागले की हा आपला गेज नव्हे. यापुढचं मात्र सहसा कुणी सांगत नाही. पुढे त्याने चिलीमध्ये काही वर्षं प्रवासी घोडागाडी हाकली, म्हणजे बऱ्यापैकी सावरला असावा. १८६० मध्ये तो वारला. त्याच्या डोक्यात भोक दिसत होतं म्हणून त्याला कुणी चळलेला म्हटलं नाही. आमच्या यांच्या कपाळावर एक ओरखडा नाही, हीच काय ती अडचण.

आम्ही काही जणी महिन्यातून एकदा दादरला जमतो. सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी असं. त्यातल्या एकीच्या यजमानांना कंपवात आहे. कंपवातात मेंदूतलं डोपामिन नावाचं द्रव्य कमी पडतं, म्हणून त्याचं काम करणारी गोळी देतात. गोळी सुरू झाली, हात थरथरायचा थांबला आणि सहा महिन्यांत त्या गृहस्थांनी ऑनलाइन रमीत सव्वा लाख रुपये घालवले. आयुष्यात लॉटरीचं तिकीट न घेतलेला माणूस. घरात रोज रणकंदन. मग कुणीतरी डॉक्टरांच्या कानावर घातलं. डोपामिन नुसतं हालचालीचं नाही, हव्यासाचंही द्रव्य आहे, आणि या जातीच्या गोळ्यांनी जुगार, खरेदी, खाणं, कामवासना यांचा चस्का लागू शकतो. २०१० मध्ये कंपवाताच्या ३०९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १३.६ टक्क्यांमध्ये असं काही ना काही आढळलं होतं. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवून औषध बदललं आणि रमी सुटली. (आपल्या मनाने गोळी बंद करू नये, त्याने भलताच त्रास होतो.) पण त्या बाई म्हणतात, गोळी सुरू करताना हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर मंगळसूत्र गहाण पडलं नसतं.

यावर कुणी म्हणेल, मग काय, प्रत्येक चोराला मेंदूचा दाखला द्यायचा? तसं मी म्हणत नाही. आमच्याच इमारतीत एक सद्गृहस्थ गेली तीस वर्षं दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावतात. त्यांच्या मेंदूला काही झालेलं नाही. प्रश्न बदलाचा आहे. जन्मभर नेमस्त असलेला माणूस पन्नाशी-साठीत एकाएकी वेगळा वागू लागला, तर संस्कार काढण्याआधी तपासणी काढा. आणि दर वेळी निदान आमच्यासारखंच निघेल असंही नाही. दोन-चार दिवसांत बदल झाला असेल तर ब्लडप्रेशरच्या गोळीने सोडियम उतरलेलं असू शकतं, किंवा लघवीचा जंतुसंसर्ग. हळूहळू झाला असेल तर बी-१२ किंवा थायरॉइड. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडून डोकं आपटलेलं असेल, तर कवटीच्या आत साचत राहिलेलं रक्त. यांतलं बरंचसं वेळेत कळलं तर बरं होतं. आमच्या दादरच्या बायकांपैकी एकीच्या सासूबाई आठवडाभर घरच्यांना 'चोर, चोर' म्हणत होत्या. सोडियम ११८ निघालं, ते असावं लागतं १३५च्या वर. सलाइन लागलं आणि पाचव्या दिवशी त्या सुनेला पोह्यांत मीठ कमी असल्याचं सांगत होत्या.

तेव्हा आपल्याला एवढीच विनंती आहे. हा शब्द बातमीत वापरू नका. अशा माणसाचा चेहरा ओळखू येईल असा फोटो छापू नका. आणि बातमी दिलीतच, तर खाली एक ओळ टाका की वागण्यात असा नवा बदल दिसला तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवावं. जागा लागेल ती हसऱ्या मथळ्याएवढीच. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही देता येईल. तिथे चोवीस तास कुणीतरी बोलायला असतं आणि बोलायची गरज रुग्णापेक्षा घरच्यांना जास्त असते, हे मी रात्री दोन वाजता फोन लावलेला असल्यामुळे सांगू शकते.

कोपऱ्यावरच्या कच्छी शेठना मी एमआरआयनंतर सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, वहीचं एक कोरं पान काढलं, वर 'काका' लिहिलं आणि म्हणाले, "काकी, काकांना कुणी अडवणार नाही. तुम्ही सोमवारी येत जा." आता हे ६३ वर्षांचे आहेत, बोलणं कमी झालंय, तरी संध्याकाळी पाय तिकडेच वळतात. कालच्या सोमवारी पानावर सात क्रीमरोल, दोन चिक्क्या आणि एक शिट्टी होती. शिट्टीचे पैसे शेठनी घेतले नाहीत.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)
(नाव छापू नये, ही विनंती.)