तिथीची पाऊणपट

ठाणे,
माघ वद्य तृतीया

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलेस, "आठ दिवस त्या आडबाजूच्या घरात केलेस तरी काय?" त्यावर "पाणी पाहिले" एवढेच मला सांगता आले, आणि तू "बरं" म्हणून विषय बदललास. ते उत्तर खरे होते, पण फार तोकडे होते. सवडीने सांगावे असे बरेच आहे आणि त्यातले निम्मे तुझ्यामाझ्या बालपणाशी जोडलेले आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे.

अष्टमीला सकाळी आम्ही दोघे ठाण्याला मांडवी एक्स्प्रेसमध्ये बसलो, चिपळूणला उतरलो, एसटीने गुहागरच्या अंगाला गेलो आणि तिथून रिक्षा केली. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे रिक्षावाल्याने गाडी थांबवली आणि पुढे येण्यास नम्रपणे नकार दिला. त्याचे बरोबर होते. पुढे सुमारे अडीच किलोमीटरची वाट आहे, आणि वाट म्हणजे जांभ्याच्या उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. मधली माती दर पावसाळ्यात वाहून जाते, त्यामुळे दगडांच्या धारा वर आल्या आहेत आणि पाऊल सपाट असे कुठे पडतच नाही. घराची देखभाल करणारे भाऊ आम्हाला घ्यायला आले होते. त्यांनी मोठी पिशवी डोक्यावर घेतली आणि ते अनवाणी, आमच्या दुप्पट वेगाने पुढे चालू लागले. सडा संपला की एकदम कडा येतो, खाली माडांचे शेंडे आणि त्यांच्या पलीकडे समुद्र दिसतो, आणि मोहोरलेल्या काजूंमधून चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरू लागते. पाखाडी संपते तिथे पऱ्या, म्हणजे ओढा, आडवा येतो. हा पऱ्या ओलांडल्याशिवाय घर नाही, आणि या पऱ्यापाशीच माझी गोष्ट सुरू होते.

पलीकडच्या काठावर भाऊंची आई उभी होती. तिला वाडीत सगळे 'आये' म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू लागलो. आम्हाला पाहताच तिने हाक दिली, "बिगी बिगी उतरा. आज अष्टमी हाय, सा वाजता पानी पुरा चढल." तेव्हा चार वाजले होते आणि पाणी नडगीपर्यंत होते. आम्ही चपला हातात घेऊन उतरलो. सहाला पाणी भरणार हे तिला कुठून कळले, असे मी भाऊंना सहज विचारले. ते म्हणाले, "तिथीची पाऊणपट. आठ पाऊण सहा."

मित्रा, मी पाण्यात तसाच उभा राहिलो. ठाण्यातल्या चेंदणीच्या वाटेवरील तुमच्या घराचा ओटा तुला आठवतो का? तुझे आजोबा आपल्याला तिन्हीसांजेला ओळीने बसवून पावकी, निमकी आणि पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे, म्हणायला लावत. नऊ पाऊण पावणेसात, दहा पाऊण साडेसात. दशमान पद्धत आलेली होती, शाळेत गुरुजी म्हणत की आता याचा उपयोग नाही, आणि तू तर एकदा रडून सांगितले होतेस की हे पाढे कुणाच्या कामाचे आहेत ते मला आधी सांगा. आजोबांनी उत्तर दिले नव्हते, फक्त पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावले होते. साठ वर्षांनी, कधी शाळेत न गेलेल्या एका बाईकडून तुझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. शुद्ध असो वा वद्य, तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, जिला आये सुकती म्हणते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्याच्यामागून पाणीही तेवढेच उशिरा येते, आणि हा सगळा हिशेब पाऊणकीत बसवून कोकणातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बोटांवर ठेवला आहे. मी आठही दिवस घड्याळ लावून तपासले. कधी दहा मिनिटांचा फरक पडला, कधी पंचवीस. अर्ध्या तासाच्या पुढे तो कधी गेला नाही.

अष्टमी ते पौर्णिमा असे दिवस आमच्या वाट्याला आले, ही न ठरवता साधलेली चांगली गोष्ट होती, कारण त्यामुळे भांगापासून उधाणापर्यंतचा सगळा चढ पाहता आला. अष्टमी-नवमीला भांगाचे पाणी असते. सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, म्हणून भरती फार चढत नाही आणि सुकतीही फार उतरत नाही. नवमीला पूर्ण भरतीतसुद्धा पऱ्या गुडघ्याच्या खालीच राहिला. त्यामुळे मला वाटले की आयेचा इशारा वडीलधाऱ्यांच्या काळजीपोटी होता, त्याहून अधिक काही नाही. ही समजूत चतुर्दशीला दूर झाली.

घराजवळ फोन लागत नाही, त्यासाठी सड्यावर जावे लागते. चतुर्दशीला लेकीशी बोलायचे म्हणून आम्ही साडेसातला निघालो, तेव्हा पऱ्यात घोट्याएवढे पाणी होते. बोलणे झाले, सड्यावर थोडे फिरणे झाले, आणि पावणेदहाला पाखाडी उतरून पाहतो तो पऱ्याच्या जागी खाडी. ज्या दगडांवर पाय देऊन आलो होतो ते दिसेनासे झाले होते आणि मधोमध पाणी छातीपर्यंत असावे. भाऊ पलीकडून ओरडले, "उतरू नका, बसा तिथंच." आम्ही एका काजूखाली बसलो आणि तिथे सव्वातीन तास बसून राहिलो.

त्या सव्वातीन तासांत जे पाहिले ते मला तुला नीट सांगायचे आहे. भरतीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढे चढते, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या आणि चौथ्यात तिप्पट, मग पुन्हा दुप्पट आणि शेवटच्या तासात पुन्हा एक हिस्सा. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोनच तासांत येते. आम्ही सड्यावर गप्पा मारत होतो तेव्हा यांतला चौथा आणि मग पाचवा तास चालू होता. आम्ही काठावर पोचलो तेव्हा पाण्याचा आवेश ओसरू लागला होता. पाण्यावर काजूचे एक वाळके पान तरंगत होते, ते वाडीच्या दिशेने आत आत सरकत होते, मग संथ झाले, आणि माझ्या घड्याळात दहा वाजून पस्तीस मिनिटे झाली असताना ते जागच्या जागी थांबले. चौदा पाऊण साडेदहा. समुद्राच्या लाटांचा आवाज पलीकडे होता, पण पऱ्यात किंचितही हालचाल नव्हती. माड, आकाश आणि समोरच्या काठावर बसलेले भाऊ सगळे पाण्यात जसेच्या तसे दिसत होते. मग ते पान, कुणी हाक मारल्यासारखे, समुद्राकडे वळले. ही आणि मी काही बोललो नाही. साठी उलटून गेलेल्या, खाडीकाठी जन्म काढलेल्या माणसाने पाणी वळताना प्रथमच पाहिले.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. त्या सगळ्या वेळात पऱ्यावर आमच्याखेरीज एकही माणूस खोळंबला नाही. मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बाया सातच्या आत गेल्या होत्या आणि दुपारी एकनंतर परतल्या. दुकानात जाणे, दळण नेणे, गुरे सोडणे हे सगळे तिथीवर बेतलेले असते. पौर्णिमेला संध्याकाळी पाचच्या सुमारास खडक उघडे पडले तेव्हा वाडीतल्या झाडून साऱ्या बायका कोयत्या घेऊन कालवे काढायला उतरल्या, आणि आयेने ती तिखट-आमसुलात करून तांदळाच्या भाकरीबरोबर वाढली. त्या चवीविषयी लिहायला घेतले तर पत्र तिथेच अडकेल.

घर साधे आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी, दोन खोल्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, सहज तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो, म्हणून या भिंतींना बाहेरून गिलावाही लागलेला नाही. वीज आहे, पण तिच्यावर कुणी विसंबत नाही.

पण विहिरीविषयी सांगायलाच हवे. भरतीच्या रेषेपासून चाळीस पावलांवर ती आहे आणि पाणी इतके गोड की पहिल्या घोटाला माझा विश्वास बसेना. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे जमिनीखाली ते खाऱ्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर ते १ फूट असेल तर खाली सुमारे ४० फूट खोलवर खाऱ्याला दाबून धरते. याचाच दुसरा अर्थ असा की वरचे १ फूट उपसून संपवले, तर खालून त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ४० फूट, खारे वर येते. भाऊंनी विहिरीवर पंप बसवू दिलेला नाही. शेजारच्या एका वाडीत बसवला आणि दोन उन्हाळ्यांत पाणी मचूळ झाले, ते पुन्हा सुधारले नाही. म्हणून इथे रहाटाने, कळशीकळशीने पाणी निघते. आम्हाला दिवसाला बारा कळश्या पुरल्या. भरतीच्या वेळी विहिरीचे पाणीही थोडे वर येते. आतल्या चिऱ्यांवरच्या ओलीच्या रेषेवरून ते मी दोनदा पडताळून पाहिले.

त्या वाटेविषयी माझे मत मात्र तुला स्पष्ट सांगतो, कारण तिथे येणारे आमच्यासारखे लोक अनेकदा म्हणतात की वाट अशीच खडतर राहू दे, म्हणजे जागा शांत राहील. मला ते पटत नाही. आयेने सांगितले की पूर्वी पऱ्यावर पोफळीच्या खोडांचा साकव असे, तो दर पावसाळ्यात वाहून जाई आणि गणपतीच्या आधी वाडी तो पुन्हा बांधी. आता खांदे देणारी तरुण माणसे मुंबईला आणि आपल्या ठाण्याला आहेत. आषाढात वरून पऱ्याला पूर आणि खालून उधाणाची भरती अशी गाठ पडली की वाडी तासन्‌तास तुटते. तिच्या थोरल्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा डोली काठावर ठेवून पाणी उतरायची वाट पाहावी लागली होती. हे तिने आवाज न चढवता सांगितले. तिथे पक्का साकव व्हायलाच हवा. आमच्या आठ दिवसांच्या शांततेला त्या डोलीसमोर काही किंमत नाही.

आता तुझ्यामाझ्याकडे येतो. आपण चेंदणीच्या बंदरावर जायचो तेव्हा कधी होड्या तरंगत असत, तर कधी चिखलात कलंडलेल्या असत, आणि आपण त्याला नशीब समजायचो. वस्तुतः आपल्या दाराशी येणारी भरती त्या वाडीच्या भरतीपेक्षा कितीतरी मोठी आहे. मुंबईसमोर उथळ समुद्रतळ फार रुंद पसरलेला आहे, म्हणून इथे पाण्याचा चढउतार मोठा असतो. दक्षिणेकडे हा तळ अरुंद होत जातो तसा चढउतारही कमी होतो. तू तर नेरुळला धारण तलावाच्या काठी राहतोस. नवी मुंबई उभी राहिली ती बरीचशी सखल खाजणजमिनीवर, म्हणून असे तलाव बांधले; भरती आली की खाडीकडच्या झडपा पाण्याच्या दाबाने मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते, आणि ओहोटीला झडपा उघडून ते बाहेर पडते. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, दुपारच्या भरतीने समुद्र आणि खाड्या भरलेल्या होत्या आणि पावसाला बाहेर पडायला वाट नव्हती. आपण दोघे त्या रात्री वेगवेगळ्या ठिकाणी अडकलो होतो आणि दोघांनीही फक्त आभाळाकडे पाहिले होते.

तर माझे दोन आग्रह आहेत. फाल्गुन वद्य त्रयोदशीला आपण तिघांनी पुन्हा तिथे जायचे. तेरा पाऊण पावणेदहा, म्हणजे चारच्या सुमारास पूर्ण सुकती, आणि मांडवीने गेल्यास आपण त्याच वेळी पऱ्यावर पोचतो. मग अमावास्येचे उधाण पाहू आणि पाडव्याची गुढी आयेच्या अंगणात उभारू. मी भाऊंशी बोलून ठेवले आहे. आदल्या रात्री ठाण्याला मुक्कामाला ये. पाय घसरणार नाही अशा चपला आण, विजेरी आण, गुडघ्याची चिंता करू नकोस. सड्यावरून बैलगाडीची सोय होते आणि पाखाडी आपण सावकाश उतरू.

दुसरा आग्रह त्याआधीचा आहे. हे पत्र तुला मिळेल तोवर वद्य अष्टमी जवळ आलेली असेल. तू नेहमी पहाटे फिरायला जातोस, तर त्या दिवशी साडेपाचलाच बाहेर पड आणि तलावाच्या खाडीकडच्या टोकाला झडपांपाशी जाऊन थांब. आठ पाऊण सहा. खाडीच्या आत पाणी पोचायला थोडा वेळ अधिक लागतो, म्हणून साडेसहापर्यंत हलू नकोस. पाणी वळले की मला लगेच फोन कर. मी जागा असेन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
ओट्यावरचा सोबती