आबांना सांग त्या उंच मुलीबद्दल

प्रिय मनू,

तुझा मेसेज आत्ता परत वाचला. खो-खोची फायनल एका गुणाने गेली हे तू शेवटी लिहिलंस आणि आधी काय लिहिलंस, तर "आई त्यांची ती उंच मुलगी काय पळाली गं, साडेतीन मिनिटं आमच्या कुणाच्या हाताला लागली नाही." ते वाचून मला एकदम आबाच आठवले बघ. हे तुला मी शिकवलेलं नाही, हे आबांकडून आलंय.

मी सहा-सात वर्षांची असेन, आबा मला कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या बघायला न्यायचे. तेव्हा तिथं बायामाणसं कुणी जात नव्हती, आत्या तर आबांवर चिडायची, पोरीला कशाला नेतोस लंगोटातली माणसं बघायला म्हणून. आबा म्हणायचे, तिला आवडतंय ना, मग झालं. शाहू महाराजांनी रोमचं ते गोल मैदान बघून १९१२ ला हे बांधलं, कुठंही बसलं तरी कुस्तीचा मातीचा हौद दिसतो, हे मला आबांनी तिथंच बसून सांगितलेलं. हलगी सुरू झाली की माझ्या पोटात गोळा यायचा. आबा कानात सांगत राहायचे, आता बघ एकचाक डाव लावतोय, आता तो निसटतोय बघ. कुस्ती निकाली झाली की सगळा गराडा जिंकलेल्याभोवती, आणि आबा मला कडेवर घेऊन हरलेल्याकडे जायचे. खिशातली पाचची नोट त्याच्या हातात द्यायचे. त्याच्या पाठीला लाल माती चिकटलेली असायची आणि घामाने तिचे ओघळ झालेले, ते मला अजून दिसतं. मी एकदा विचारलं ह्याला का? तर म्हणाले, जिंकलेल्याला सगळं गाव देतंय की.

खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकहून कुस्तीचं ब्राँझ घेऊन आले तेव्हा आबा दहा वर्षांचे होते. पण ती गोष्ट सांगताना ते आधी १९४८ चं लंडन सांगायचे, मातीतला गडी मॅटवर उतरला आणि तरी सहावा आला, ते त्यांना मेडलएवढंच मोठं वाटायचं. पॅरिस ऑलिम्पिकला स्वप्नील कुसाळेची फायनल होती त्या दिवशी, १ ऑगस्ट २०२४ ला, तू हॉस्टेलवर होतीस. आबांना शूटिंगमधलं काही कळत नाही पण राधानगरी तालुक्यातला पोरगा म्हटल्यावर टीव्हीसमोरून हलले नाहीत. आधी तो मागे होता, मग उभं राहून मारायची फेरी आली आणि वर सरकला, ४५१.४ वर तिसरा. आबा कितीतरी वेळ गप्प, मग म्हणाले, "बहात्तर वर्षं गं." बास, एवढंच.

बारावीला सगळे म्हणत होते खो-खो बंद करा हिचं, मी नाही केला, ते ह्याच माणसामुळे. पण आबांना मी आजवर कधी थँक्यू म्हटलेलं नाही. समोर बसलं की चहा घेता का एवढंच तोंडातून निघतं, म्हणून तुला लिहितेय.

रविवारी त्यांना फोन कर, दहाच्या आत, नंतर ते आडवे होतात. जरा मोठ्यानं बोल. आणि त्या उंच मुलीचं सगळं नीट सांग, कशी हुलकावणी देत होती, पोलजवळ कशी वळत होती, ते विचारणारच आहेत.

तुझी,
आई